वतनाच्या नावाचे खाते

दिवाळीच्या वहीपूजनाला आमच्या पेढीवर एक जुनी रीत आजही पाळली जाते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाले आणि कुंकवाचे स्वस्तिक उमटले, की घरातील वडीलधारी व्यक्ती पुढच्या पानावर दोन खाती मांडते. पहिले धर्मादायाचे आणि दुसरे मूळ गावाचे. आमचे पणजोबा संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पनियाच्या दुष्काळात मारवाडातून निघाले आणि मजल दरमजल करीत महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी येऊन स्थिरावले. त्यांनी उघडलेले हे खाते चार पिढ्यांत एकदाही बंद झाले नाही. मात्र गेल्या काही वर्षांत त्यात जमेची ओळ तेवढी पडते. नावे टाकण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्या गावी आता आमचे कोणी राहत नाही.

गेल्या वर्षी न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या पुतण्याचा दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो म्हणाला, "काका, आपल्या मूळ गावातील शाळेसाठी मला काही द्यायचे आहे. रक्कम मोठी आहे. पण ती दिल्यानंतर तिचे काय झाले, हे मला कोण सांगणार?"

प्रश्न साधा होता आणि व्यापाऱ्याच्या मुलाला शोभणारा होता. तरीही मला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर मी गावी जाऊन आलो. आजोबांनी १९५० च्या दशकात बांधून दिलेल्या शाळेच्या दोन खोल्या तेथे आजही उभ्या आहेत. संगमरवरी पाटीवरील त्यांचे नाव इतके स्पष्ट आहे, की कालच कोरले असावे असे वाटावे. परंतु दोन्ही खोल्यांना कुलूप होते. छत गळते म्हणून मुले ओसरीवर बसली होती. दुरुस्ती कोणी करायची, हे बांधून देताना ठरले नव्हते आणि नंतरही कोणी ठरवले नाही.

त्याच गावाच्या वेशीवर कबुतरांचा चबुतरा आहे. तो शाळेहूनही जुना. तेथे रोज सकाळी दाणे पडतात. त्यात एका दिवसाचाही खंड नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की चबुतऱ्याच्या नावाने एक छोटी ठेव आहे, तिच्या व्याजातून धान्य येते, आणि एक वृद्ध गृहस्थ दर अमावास्येला त्याचा हिशेब एका वहीत लिहून मंदिराच्या पेढीवर ठेवतात. पाखरांची सोय अखंड राहिली आणि मुलांची राहिली नाही. दोन्ही दाने एकाच घराण्यातून, एकाच श्रद्धेने दिलेली होती. फरक व्यवस्थेत होता.

पुढील लेख हा पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे. म्हणून हा प्रश्न केवळ आमच्या घरापुरता उरलेला नाही.

ओघ केवढा आहे

परदेशी गेलेली माणसे मायदेशी जी रक्कम पाठवतात, तिचा आकार सामान्य कल्पनेपेक्षा फार मोठा आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशी सुमारे ६८५ अब्ज डॉलरची रक्कम आली. त्या देशांना मिळालेली थेट परकीय गुंतवणूक आणि सरकारी परकीय मदत यांची बेरीज केली तरी ती याहून कमी भरते. भारताचा क्रमांक जगात पहिला असून त्या वर्षीचा आपला वाटा सुमारे १२९ अब्ज डॉलर होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत राज्यवार वाटणी पाहिली, तर महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला आणि केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा आहे. आखातातील कोणत्याही एका देशातून येणाऱ्या पैशाला आता अमेरिकेने मागे टाकले आहे. त्याच पाहणीनुसार एकूण ओघापैकी २७.७ टक्के एकट्या अमेरिकेतून येतो.

या पैशाचा एक विशेष स्वभाव आहे. संकट आले की गुंतवणूकदार पाय मागे घेतो. परदेशस्थ मुलगा मात्र हात पुढे करतो. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या सुरुवातीला, जागतिक बँकेने हा ओघ सुमारे २० टक्क्यांनी घटेल असे भाकीत केले होते. प्रत्यक्षातील घट दोन टक्क्यांहूनही कमी निघाली. लोकांनी आपले खर्च आवरले, पण घरी पाठवायचे थांबवले नाही.

मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. यातील बहुतेक पैसा कुटुंबाकडे जातो. त्यातून आईचे औषध येते, बहिणीचे लग्न होते, घरावर मजला चढतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु घर उभे राहिले म्हणून गाव उभे राहतेच असे नाही. कच्छमधील माधापर, बळदिया ही गावे त्यांच्या बँकांतील अनिवासी ठेवींसाठी देशभर ओळखली जातात. पण बँकेतील ठेव ही ठेवीदाराची मालमत्ता असते. बँक तिच्या आधारे दिलेले कर्ज त्याच गावात खेळवील याची हमी नसते. गावात धंदा नसेल, तर गावचा पैसा शहरातील उद्योगाला जातो आणि गावात फक्त पासबुक उरते. ही गोष्ट व्यापारी वाचकांना अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हालारचे ओसवाल

परदेशस्थ समाजाने मूळ भूमीसाठी संघटितपणे काय करावे, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच समाजात आहे. जामनगरच्या आसपासच्या हालार भागातील बावन्न गावांत विसा ओसवाल जैन शेती आणि लहान व्यापार करून राहत. जमीन कोरडी, पाऊस बेभरवशाचा. ज्या छप्पनियाने आमच्या पणजोबांना मारवाडातून दक्षिणेकडे लोटले, त्याच काळात हालारच्या तरुणांनी समुद्राकडे तोंड केले. गलबतातून मोंबासा गाठायचे, एखाद्या ओळखीच्या दुकानात उमेदवारी करायची आणि काही वर्षांनी आतल्या मुलखात स्वतःचे दुकान मांडायचे, असा त्यांचा क्रम होता. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १९०१ मध्ये पूर्ण झाला आणि त्या मार्गाने ही दुकाने आत आत पोहोचली. स्वाहिली भाषेत दुकानाला आजही 'दुका' म्हणतात. तो शब्द आपलाच.

एकाने पाय रोवला की तो भावाला बोलावी, भाऊ मेहुण्याला. या साखळीमुळे गावाशी नाते तुटले नाही. उलट प्रत्येक नवा माणूस गावाकडची ताजी बातमी घेऊन येई. कोणत्या विहिरीचे पाणी आटले, कोणत्या घरी लग्न अडले, कोठे पाठशाळेला छप्पर हवे, हे नैरोबीत बसलेल्या माणसाला ठाऊक असे. दान योग्य जागी पडण्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे अशी खात्रीची माहिती. ती त्यांच्याकडे नात्याच्या धाग्याने आपोआप येत होती.

हाच समाज पुढे भारतातही पसरला. भिवंडी आणि मुंबई येथे हालारी ओसवाल कुटुंबांनी व्यवसाय उभारले, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना हे नाव परके नाही.

मेघजी पेथराज शाह

या समाजातून पुढे आलेले एक नाव म्हणजे मेघजी पेथराज शाह. त्यांचा जन्म १९०४ मध्ये जामनगरजवळच्या डबासंग गावी झाला. किशोरवयातच, १९१९ मध्ये, ते केनियाला गेले. हिशेबनिसाच्या नोकरीपासून सुरुवात करून त्यांनी भावांच्या साथीने व्यापार वाढवला आणि पूर्व आफ्रिकेतील आघाडीच्या उद्योजकांत त्यांची गणना होऊ लागली. पन्नाशीच्या आसपास, धंदा भरात असताना, त्यांनी त्यातून अंग काढून घेतले आणि उरलेले आयुष्य दानकार्यासाठी दिले. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील परिग्रह-परिमाण हे व्रत आपण प्रवचनात अनेकदा ऐकतो. आपल्याला किती पुरे, याची मर्यादा स्वतःच आखून घ्यायची आणि तिच्या वरचे ते आपले मानायचे नाही. भरातल्या धंद्यातून स्वेच्छेने बाहेर पडणारा माणूस हे व्रत व्यापाराच्या भाषेत कसे लिहिता येते, ते दाखवून जातो.

जामनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून त्यांच्या नावाने उभे आहे. सुरेंद्रनगर येथे त्यांच्या नावाचे कला व विज्ञान महाविद्यालय आहे. मुंबईत माटुंग्याला त्यांच्या पत्नीच्या नावाचे, मणिबेन एम. पी. शाह महिला महाविद्यालय आहे. आपल्यापैकी किती तरी घरांतील मुली तेथे शिकल्या असतील आणि त्या नावामागे आफ्रिकेतील दुकानाची कमाई आहे हे त्यांना ठाऊकही नसेल. आणि नैरोबीतील पार्कलँड्स भागात एम. पी. शाह रुग्णालय आहे.

या यादीत दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की शाह यांनी जन्मभूमी आणि कर्मभूमी यांत निवड केली नाही. ज्या देशाने कमाई दिली त्यालाही त्यातला वाटा मिळाला. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा हजारो कुटुंबांची पिढ्यांची कमाई तेथेच राहिली. त्या अन्यायाचे समर्थन कोणीही करणार नाही. पण जेथे आपण राहतो तेथील शेजाऱ्याच्या सुखदुःखात वाटा घेणे, हे धर्माच्या दृष्टीने कर्तव्य आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपण, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

दुसरी गोष्ट माझ्या गावच्या कुलूपबंद खोल्यांशी जोडलेली आहे. वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था दात्याच्या रकमेतून उभी राहिली, तरी ती चालवण्याची जबाबदारी शासनाने घेतली. प्राध्यापकांचे वेतन, औषधे, दुरुस्ती यांची तरतूद दरवर्षी होत राहिली. म्हणून दाता गेल्यानंतर साठ वर्षांनीही तेथून डॉक्टर बाहेर पडत आहेत. आमच्या आजोबांनीही श्रद्धेने दिले होते. कमतरता श्रद्धेत नव्हती. खोली बांधून झाल्यावर पुढचा खर्च कोणाच्या खाती, हे लिहून घ्यायचे राहून गेले.

मेक्सिकोचा 'एकास तीन'

शासन आणि परदेशस्थ समाज यांनी भागीदारी कशी करावी, याचा सर्वांत गाजलेला प्रयोग मेक्सिकोत झाला. झाकातेकास हे तेथील कोरडवाहू राज्य. तेथून कित्येक पिढ्या लोक अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मजुरीला जात आहेत. एकाच गावच्या लोकांनी लॉस एंजेलिसमध्ये आपापल्या गावाच्या नावाने मंडळे स्थापली. सुरुवातीला ती गावच्या उत्सवासाठी आणि चर्चच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करीत. पुढे त्यांचे लक्ष पाणी, गटारे, रस्ते आणि शाळा यांकडे वळले.

झाकातेकासच्या सरकारने १९८० आणि १९९० च्या दशकांत या वर्गणीत आपली भर घालण्यास आरंभ केला. २००२ मध्ये ही योजना देशभर लागू झाली. मंडळाने एक पेसो दिला, की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालणार. म्हणून तिचे नाव 'एकास तीन'. या योजनेचे बळ केवळ पैशात नव्हते. परदेशी मंडळाचा पैसा कामात असल्यामुळे त्याचे प्रतिनिधी येऊन काम पाहू लागले, बिले तपासू लागले आणि निकृष्ट काम झाले तर जाब विचारू लागले. ज्या नगराध्यक्षाला आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता, त्याला गावाबाहेर राहणाऱ्या गावकऱ्यांना उत्तर द्यावे लागले.

दोषही दिसून आले. ज्या गावातून पुष्कळ लोक परदेशी गेले त्या गावाला पुष्कळ मिळाले. जे गाव इतके गरीब होते, की तेथून प्रवासाच्या खर्चाअभावी कोणी बाहेरच पडू शकले नाही, त्याच्या वाट्याला काही आले नाही. सरकारी हिस्साही दात्याच्या मागे मागे गेल्यामुळे ही विषमता वाढली. शिवाय कोणत्या पक्षाच्या नगरपालिकेला किती मिळते, यावरही अभ्यासकांनी बोट ठेवले. २०२० च्या सुमारास केंद्र सरकारने आपला हिस्सा थांबवला आणि योजना क्षीण झाली. जी भागीदारी केवळ शासनाच्या मर्जीवर उभी असते, तिचे आयुष्य शासनाएवढेच असते.

आपल्याकडे गुजरात सरकारने २०२१ मध्ये 'वतन प्रेम' योजना याच विचाराने सुरू केली. गावच्या कामासाठी दात्याने किमान ६० टक्के द्यावेत आणि उरलेला भाग राज्याने घालावा, अशी तिची रचना आहे. राजस्थानात सरकारी शाळांना देणगी देण्यासाठी २०१७ पासून 'ज्ञान संकल्प' ही संगणकीय व्यवस्था आहे आणि शाळांना मोठे साहाय्य करणाऱ्यांना राज्य सरकार भामाशाहांच्या नावाने गौरवते. महाराणा प्रतापांच्या पडत्या काळात आपली संपत्ती त्यांच्यापुढे ठेवणाऱ्या त्या ओसवाल प्रधानाचे नाव शाळेच्या दानाशी जोडले जावे, हे उचितच आहे.

ठेव, कर्जरोखे आणि दान

परदेशस्थ समाजाकडून देशाला होणारे साहाय्य केवळ दानाच्या रूपाने येत नाही. देशाने त्यांच्याकडून कर्जही घेतले आहे. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर भारतावर आर्थिक निर्बंध आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने 'रिसर्जंट इंडिया' रोखे काढले आणि अनिवासी भारतीयांकडून सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभे राहिले. २००० मध्ये 'इंडिया मिलेनियम' ठेवींतून आणखी सुमारे ५.५ अब्ज डॉलर आले. दोन्ही रकमा ठरल्या मुदतीत परत केल्या गेल्या. इथिओपियानेही नाईल नदीवरील आपल्या महाकाय धरणासाठी परदेशस्थ बांधवांना रोखे विकले. २०११ मध्ये आरंभ झालेले ते धरण २०२५ मध्ये कार्यान्वित झाले. त्याआधी २००८ मध्ये त्याच देशाने वीज मंडळासाठी काढलेल्या रोख्यांना मात्र अल्प प्रतिसाद मिळाला होता. देशप्रेम तेव्हाही होते. मंडळ पैसे परत करील हा विश्वास नव्हता.

रोख्यांवर आकर्षक व्याज होते, म्हणून ते दान म्हणता येणार नाही; आणि त्यात काही कमीपणाही नाही. पण ठेवीचा स्वभाव ओळखला पाहिजे. १९९०-९१ च्या परकीय चलन संकटात अनिवासी ठेवीदारांनी आपल्या ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली आणि संकट अधिक गहिरे झाले. ठेव व्याजासाठी येते आणि भीतीने जाते. दिलेले दान परत जात नाही. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा. व्याज घेताना उपकाराची भाषा नको आणि दान देताना परताव्याची.

पैशापलीकडचे देणे

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झाले, तेव्हा जगभरच्या जैन समाजाने मदत पाठवली. तंबू, धान्य, औषधे यांची पहिली लाट ओसरल्यावर बहुतेक मदतकर्ते परतले. आचार्य चंदनाजींच्या वीरायतनने मात्र तेथेच राहून मुलांसाठी शाळा आणि पुढे मांडवीजवळ अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये उभी केली. पुणे जिल्ह्यातील चासकमानमध्ये जन्मलेल्या या साध्वींच्या कार्याला ब्रिटन, अमेरिका आणि केनिया येथील जैन कुटुंबांचा आधार लाभला. आपत्तीत सर्वच देतात. आपत्तीच्या पाचव्या वर्षी कोण देतो, हे महत्त्वाचे.

उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९७८ मध्ये स्थापलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे उदाहरणही येथे आठवते. महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना अर्थसाहाय्य देण्याबरोबर या संस्थेने १९९४ पासून साहित्य व समाजकार्य पुरस्कार सुरू केले. एखाद्या दूरच्या खेड्यात वर्षानुवर्षे मूकपणे काम करणारा कार्यकर्ता त्यामुळे समाजापुढे आला आणि त्याच्या कामाला इतरांचेही साहाय्य मिळू लागले. योग्य माणूस शोधून त्याच्याकडे लक्ष वेधणे, हेसुद्धा देणेच आहे.

आपल्या परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. परदेशी राहणाऱ्या मुलामुलींकडे पहिल्या दोहोंसाठी पैसा आहे आणि तिसऱ्यासाठी अनुभव आहे. दंतवैद्य मुलगी सुटीत दहा दिवस आली, तर गावात तपासणी शिबिर होते. संगणक अभियंता मुलगा आठवड्यातून एक तास दृक्‌श्राव्य संपर्कावर गणित शिकवू शकतो. मात्र तेही नियमित हवे. एकदा येऊन छायाचित्र काढून गेलेला पाहुणा गावाच्या स्मरणात राहतो, उपयोगात राहत नाही.

कायद्याची चौकट

सद्भावनेने दिलेली रक्कमही चुकीच्या वाटेने आली, तर घेणाऱ्या संस्थेला त्रास होतो. परकीय योगदान नियमन कायदा या संदर्भात प्रत्येक विश्वस्ताने समजून घेतला पाहिजे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नातलगाने आपल्या वैयक्तिक बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही. परंतु त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी परकीय योगदान ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यात यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि त्यातील प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

म्हणून देणगीदाराकडून रक्कम घेण्यापूर्वी त्याच्या नागरिकत्वाची लेखी नोंद घ्यावी आणि आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. "घरचाच मुलगा आहे, त्याला काय विचारायचे?" असे म्हणून गप्प बसणाऱ्या विश्वस्ताचे प्रेम खरे असले, तरी ते संस्थेला महाग पडू शकते.

पैसे पाठवण्याच्या खर्चाकडेही लक्ष असावे. २०३० पर्यंत हा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ठरले आहे. जगाची सरासरी अजून सहा टक्क्यांच्या वर आहे. व्यापारी एका टक्क्याच्या कसरीसाठी दोन दिवस घासाघीस करतो. दानाच्या पैशातही तीच दक्षता हवी, कारण तेथे वाचलेला रुपया विद्यार्थ्याचा असतो.

देण्यापूर्वी विचारायचे

या सर्व उदाहरणांतून मी पुतण्यासाठी काही प्रश्न लिहून काढले. आपल्याही घरी ते उपयोगी पडावेत.

हे काम गावाने मागितले आहे की आपल्याला सुचले आहे? बांधकाम झाल्यावर दरवर्षीचा खर्च किती, आणि तो कोणाच्या खाती? रकमेचा काही भाग कायम ठेव म्हणून बाजूला ठेवता येईल का? गावात राहणारा, हिशेब लिहिणारा आणि दात्याशी स्पष्ट बोलू शकणारा माणूस कोण? गावातील ज्या घरांचे कोणीही परदेशी गेलेले नाही, त्यांना या कामाचा लाभ मिळतो का? आणि शेवटचा, जरा अवघड प्रश्न: पाटीवर नाव लागणार नसेल, तरी आपण देऊ का?

शेवटच्या प्रश्नाने मी स्वतःही थोडा अडखळलो. आजोबांच्या नावाची ती पाटी पाहून मला अभिमान वाटला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. नावाची इच्छा सर्वस्वी वाईट असेही नाही; तिच्यामुळे कित्येक शाळा उभ्या राहिल्या. पण पाटी लावण्याच्या दिवशी जितकी माणसे जमतात, त्यातली दोन जरी छत गळते तेव्हा परत आली, तर त्या नावाचे सार्थक होते.

पुतण्याशी नंतर दोनदा बोलणे झाले. त्याला नवे सभागृह बांधायचे होते. गावच्या शिक्षिकेला विचारले तेव्हा तिने सभागृह मागितले नाही. तिने मागितले ते छत, मुलींसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, आणि विज्ञान शिकवण्यासाठी एका साहाय्यक शिक्षिकेचे मानधन. सभागृहाच्या अंदाजित खर्चाच्या निम्म्याहून कमी रकमेत ही तिन्ही कामे बसतात. उरलेली रक्कम ठेवीत घालून तिच्या व्याजातून मानधन आणि दुरुस्ती चालवायची, असे आम्ही ठरवत आहोत. पुतण्या अद्याप भारतीय नागरिक आहे, म्हणून मार्ग सरळ आहे. हिशेब लिहिण्यासाठी मी चबुतऱ्याची वही सांभाळणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांनाच विनंती केली. ते प्रथम हसले. मग म्हणाले, "पाखरे हिशेब मागत नाहीत, तरी मी लिहितो. पोरांचा नाही का लिहिणार? पण माझ्यासोबत एक तरुण द्या. माझ्यानंतर वही कोण धरणार?"

त्यांचा हा प्रश्न पुतण्याच्या प्रश्नाहून मोठा आहे आणि त्याचे उत्तर मला अजून मिळायचे आहे. गावात शिकलेला एक तरुण तयार झाला आहे; तो किती दिवस गावात टिकेल, कोण जाणे. तोही उद्या दुबईला जाईल. कदाचित तेथून तो आपल्या गावाच्या नावाचे खाते उघडील.

येत्या दिवाळीला वही मांडताना आपणही आपल्या मूळ गावाचे पान उघडून पाहावे, ही वाचकांना विनंती. जमा किती झाली आहे ते पाहावेच. पण शेवटची नावे कधी पडली होती आणि ज्या कामासाठी पडली ते काम आज चालू आहे का, याचीही एकदा चौकशी करावी. परदेशातील मुलांना ते पान दाखवावे. त्यांच्या हाती पुढची वही असणार आहे.